निवडणुकीतून धर्म बाजूला ठेवून विकासाचा हिशेब कसा मागावा

ग्रामसभेत, प्रभागाच्या बैठकीत किंवा प्रचारसभेत धर्माचा विषय निघाला की पाण्याचा, शाळेचा आणि दवाखान्याचा विषय मागे पडतो, हे ज्यांनी वारंवार पाहिले आहे आणि आपण एकट्याने यावर काय करणार असे ज्यांना वाटते, त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे. गेली काही वर्षे मी आमच्या गावच्या जवळजवळ प्रत्येक ग्रामसभेला बसतो आणि तिथे मला एक गोष्ट पक्की कळली आहे. “धर्म मध्ये आणू नका” असे कितीही वेळा म्हटले तरी तो विषय थांबत नाही, उलट असे म्हणणाऱ्यालाच “तू कोणाच्या बाजूचा?” असे विचारले जाते आणि वाद वाढतो. त्या जागी मोजता येईल असा, तारीख आणि आकडा असलेला प्रश्न आधीच मांडून ठेवलेला असेल, तरच तो विषय खरोखर बाजूला होतो. हा प्रश्न कसा तयार करावा, कोठे मांडावा आणि उत्तर मिळेपर्यंत कसा धरून ठेवावा, एवढेच मला इथे सांगायचे आहे.

सीमारेषा नेमकी कोठे आहे

कामाला लागण्यापूर्वी कायदा काय म्हणतो ते नीट माहीत असावे, कारण अर्धवट माहितीवर केलेला आक्षेप पहिल्याच उलट प्रश्नाला कोसळतो. लोकसभा आणि विधानसभेच्या निवडणुकांना लागू असलेल्या लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३ (३) नुसार धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारावर मत द्या अथवा देऊ नका असे आवाहन करणे आणि मतांसाठी धार्मिक चिन्हांचा वापर करणे हा भ्रष्ट आचार ठरतो. त्यासाठी ते आवाहन उमेदवाराने, त्याच्या प्रतिनिधीने किंवा उमेदवाराच्या अथवा त्याच्या निवडणूक प्रतिनिधीच्या संमतीने दुसऱ्या कोणी केलेले असावे लागते. याच कायद्याच्या कलम १२५ खाली निवडणुकीच्या संदर्भात धर्म किंवा जातीवरून समाजासमाजांत वैर पसरवणाऱ्या कोणाही व्यक्तीला तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

आवाहन उमेदवाराच्या स्वतःच्या धर्माच्या नावाने केले तरच कलम लागू होते की मतदाराच्या धर्माच्या नावाने केले तरीही, हा वाद बरीच वर्षे चालला. मुंबईतील सांताक्रूझ मतदारसंघाच्या १९९० च्या निवडणुकीतून निघालेल्या अभिराम सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या खंडपीठाने २ जानेवारी २०१७ रोजी चार विरुद्ध तीन अशा मतांनी निकाल दिला आणि उमेदवार, प्रतिस्पर्धी व मतदार यांपैकी कोणाच्याही धर्माच्या आधारे केलेले आवाहन निषिद्ध ठरवले. पार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीत प्रचारातील भाषणांमुळे विजयी उमेदवाराची निवड रद्द झाली होती आणि ती रद्द करणे योग्य होते, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९९५ मध्ये सांगितले. पहिल्या प्रकरणात निवडणूक आणि प्रश्नाचा निर्णय यांत सत्तावीस वर्षे गेली, दुसऱ्यात आठ. न्यायालयाचा आधार मोलाचा आहे, पण तो मिळेपर्यंत त्या सभागृहाची मुदत केव्हाच संपून गेलेली असते. म्हणून मतदाराने करायचे काम मतदानाच्या आधीचेच आहे.

काय निषिद्ध नाही, हेही तितकेच समजून घेतले पाहिजे. एखाद्या वस्तीला ती अमक्या समाजाची आहे म्हणून पाणी मिळत नसेल, तर तसे बोलण्यात गैर काहीच नाही. २०१७ च्या त्या निकालात अल्पमतातील न्यायाधीशांनी हीच काळजी बोलून दाखवली होती की, माणसांवर त्यांच्या धर्मामुळे किंवा जातीमुळे झालेल्या अन्यायाची चर्चाच बंद होता कामा नये. माझ्या मते यातून मार्ग सोपा आहे: तक्रार वस्तीच्या नावाने आणि मोजमापाने मांडावी. “आमच्या लोकांवर अन्याय होतो” या वाक्याला उत्तर म्हणून दुसऱ्या बाजूने तसेच वाक्य येते. “वरच्या आळीला तीन दिवसाआड पाणी आणि आमच्या वस्तीला आठ दिवसाआड, हे चालू आणि मागच्या महिन्याच्या तारखांवरून दिसते” या वाक्याला उत्तर द्यायचे तर पाणीपुरवठा कर्मचाऱ्याला उभे राहावे लागते.

त्याचप्रमाणे धर्माशी संबंध असलेली प्रत्येक सरकारी गोष्ट म्हणजे धर्माचे राजकारण, असेही समजू नये. पंढरीच्या वाटेवर वारकऱ्यांना पाण्याचे टँकर, फिरती शौचालये आणि आरोग्यपथके पुरवणे हे प्रशासनाचे कर्तव्यच आहे, कारण लाखो नागरिक एका रस्त्याने चालत असतात आणि त्यांच्यात रोगराई पसरू नये ही शासनाची जबाबदारी असते. त्याच वाटेवर फलक लावून त्या सोयींच्या बदल्यात मत मागितले की मात्र सीमा ओलांडली जाते.

प्रश्न मोजून घ्यावा

काही वर्षांपूर्वी १ मे रोजी आमच्या गावची ग्रामसभा मारुतीच्या देवळासमोर भरली होती. विषयपत्रिकेत पाचव्या क्रमांकावर पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीचा विषय होता. दुसऱ्या विषयावर बोलताना एकाने भोंग्याचा विषय काढला, दुसऱ्याने त्याला मागच्या उत्सवातील डीजेचे उत्तर दिले, आणि पाऊण तास त्यातच गेला. तोवर मागे बसलेल्या बायका स्वयंपाकाची वेळ झाली म्हणून उठून गेल्या होत्या. टाकीचा विषय “वेळेअभावी तहकूब” असा लिहिला गेला. त्या वर्षी जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत आमच्या वस्तीने शेतातल्या विहिरीवरून पाणी वाहिले.

त्यानंतर आम्ही एक साधे काम केले. शाळेतल्या दोनशे पानी वहीवर चार रकाने आखले: तारीख, नळ केव्हा आला, केव्हा गेला, आणि पंधरा लिटरच्या किती बादल्या भरल्या. वही टोकाच्या घरात ठेवली, कारण नळाला दाब सर्वांत कमी तिथेच असतो, आणि दहावीतल्या एका मुलीने ती रोज भरायची असे ठरले. जलजीवन मिशनमध्ये दरडोई दररोज ५५ लिटर पाणी देण्याचे ठरलेले आहे. पाच माणसांच्या कुटुंबाला रोजचे २७५ लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या अठराहून थोड्या जास्त बादल्या. वहीत एका दिवसाचे पाणी अकरा बादल्यांवर कधी गेलेच नव्हते, आणि तेही आठ दिवसांतून एकदा. पुढच्या ग्रामसभेत ही वही वाचून दाखवली तेव्हा कोणीही भोंग्यावर बोलले नाही. वही कोणत्या धर्माच्या घरात ठेवली आहे हेही कोणी विचारले नाही, कारण सगळ्या घरांच्या बादल्या तेवढ्याच रिकाम्या होत्या.

पाण्याऐवजी दुसरा विषय असेल तर मोजण्याचे माप दुसरे असेल, पण माप हवेच. शाळेसाठी बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा, २००९ आपल्या हाती मापे देतो. पहिली ते पाचवीच्या वर्गांत साठपर्यंत मुले असतील तर किमान दोन शिक्षक आणि एकसष्ट ते नव्वद मुलांना तीन शिक्षक हवेत, मुलामुलींसाठी वेगळी स्वच्छतागृहे हवीत, आणि शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत. आरोग्यासाठी सपाटीच्या भागात ३०,००० आणि डोंगरी किंवा आदिवासी भागात २०,००० लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र हे प्रमाण आहे. उपकेंद्रासाठी तेच आकडे ५,००० आणि ३,००० आहेत. केंद्र कागदावर असते, म्हणून तिथे आठवड्यातून किती दिवस डॉक्टर हजर होते आणि सर्पदंशाची लस त्या दिवशी होती का, हे जाऊन विचारावे आणि तारखेसह लिहून घ्यावे. एका वेळी एकच विषय घ्यावा. चार विषय एकत्र घेतले की चारही अर्धवट राहतात आणि अर्धवट प्रश्नाच्या फटीतूनच धर्माचा विषय आत येतो.

भोंग्याचेही मोजमाप होऊ शकते, हे जाता जाता सांगितले पाहिजे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवता येत नाही. राज्य शासन सणासुदीचे काही दिवस बारा वाजेपर्यंत सवलत देऊ शकते. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. हा नियम अजान, काकडा, लग्नाची वरात आणि नेत्याचा वाढदिवस या सगळ्यांना एकच आहे. त्यामुळे ग्रामसभेत हा विषय निघाला की “नियम असा आहे, तक्रार पोलीस ठाण्यात लेखी द्यावी, आणि ती वेळ व ठिकाण लिहून द्यावी” एवढे सांगून पुढच्या विषयाकडे वळता येते. माझ्या डोळ्यांसमोर हे दोनदा घडले आहे आणि दोन्ही वेळा सभा पाच मिनिटांत शांत झाली.

कागद हाती असावेत

मोजमापाची वही ही आपली बाजू झाली. पैसे किती आले आणि कोठे गेले, ही दुसरी बाजू कागदांतूनच कळते. ग्रामपंचायतीचा विकास आराखडा आणि झालेला खर्च केंद्र सरकारच्या ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीचे बंधित आणि अबंधित असे दोन भाग होते. २०२१-२२ पासून साठ टक्के निधी बंधित ठेवलेला होता, म्हणजे तो पिण्याचे पाणी आणि स्वच्छता यांवरच खर्च करायचा होता. गावात पाणी नाही आणि बंधित निधी पडून आहे किंवा भलत्याच कामावर दाखवला आहे, असे दिसले की प्रश्न आपोआप तयार होतो.

संकेतस्थळावर जे मिळत नाही ते माहितीच्या अधिकारात मागावे. महाराष्ट्रात अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत असावा, आणि जनमाहिती अधिकाऱ्याने तीस दिवसांत उत्तर द्यावे असे बंधन आहे. उत्तर आले नाही तर पुढच्या तीस दिवसांत वीस रुपयांचा स्टॅम्प लावून प्रथम अपील करता येते. “गावाच्या विकासाची सर्व माहिती द्यावी” असा अर्ज करू नये. अंदाजपत्रक, कामाचा आदेश, मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापे नोंदवलेल्या सरकारी वहीची) प्रत आणि पूर्णत्वाचा दाखला अशी कागदांची नावे घालून, कोणते काम आणि कोणते वर्ष ते लिहून मागावे. अर्जांसाठी शक्यतो दोन-तीन वेगवेगळ्या समाजांतील माणसांनी स्वतंत्रपणे एकेक विषय वाटून घ्यावा. एकाच समाजातून सगळे अर्ज गेले की “हे त्यांचे राजकारण आहे” असा शिक्का बसतो आणि मूळ प्रश्न त्या शिक्क्याखाली झाकला जातो.

निधीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. खासदारांना स्थानिक विकासासाठी वर्षाला पाच कोटी रुपयांची कामे सुचवता येतात, आणि त्या योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रार्थनास्थळाच्या आत किंवा धार्मिक संस्थेच्या जागेवर काम घेता येत नाही. गावोगावी मात्र उमेदवाराकडे पहिली मागणी जाते ती सभामंडपाची, आणि तो मिळवून देण्याचे आश्वासन हेच प्रचाराचे मोठे साधन बनते. सभामंडप वाईट असे माझे म्हणणे मुळीच नाही. गावात लग्नकार्याला जागा लागते. परंतु देवळाचा, दर्ग्याचा किंवा विहाराचा मांडव लोकवर्गणीतून उभा राहू शकतो, तर शाळेची गळकी खोली वर्गणीतून नीट होत नाही, हे ज्याचे त्याने मनाशी तपासावे. कोणत्याही एका धर्माच्या प्रसारासाठी कर भरण्याची सक्ती करता येणार नाही, असे संविधानाचे अनुच्छेद २७ सांगते. साबणाच्या वडीवर आणि डिझेलवर कर सगळेच भरतात, म्हणून त्या पैशाचा हिशेबही सगळ्यांनी मिळूनच मागायचा आहे.

ग्रामसभेची जागा आणि विषयपत्रिका

ग्रामसभा कोठे भरते याकडे सहसा कोणी लक्ष देत नाही. अनेक गावांत ती देवळाच्या सभामंडपात किंवा पारावर भरते, त्यामागे कोणाचा वाईट हेतू नसतो, सावली आणि ध्वनिक्षेपक तिथे असतो एवढेच कारण असते. तरीही दुसऱ्या धर्माचा माणूस चप्पल काढून आत यायचे की बाहेर थांबायचे या विचारात पायरीशीच उभा राहतो, आणि उभा राहिलेला माणूस बोलत नाही. सभा जिल्हा परिषदेच्या शाळेत किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात भरवावी, असा एक साधा ठराव मांडावा. आमच्याकडे त्याला दोन सभा लागल्या. जुनी मंडळी रागावली होती, पण “शाळेच्या पटांगणात बायका पुढे बसतील” हे कारण त्यांना पटले आणि ते खरेही ठरले. प्रार्थनास्थळाच्या आवारात पक्षाची बैठक किंवा प्रचार मात्र चालणारच नाही: धार्मिक संस्था (गैरवापर प्रतिबंध) कायदा, १९८८ नुसार आपली जागा राजकीय प्रचारासाठी वापरू देणाऱ्या व्यवस्थापकावरच जबाबदारी येते, आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत आहे. देवस्थानच्या विश्वस्तांना हे आधीच नम्रपणे सांगून ठेवले तर त्यांनाही उमेदवाराला नाही म्हणायला आधार मिळतो.

महाराष्ट्रात आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा व्हाव्या लागतात आणि गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे लोक लागतात. नियमित सभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी अशी तरतूद आहे. पाण्याचा आणि रेशनचा विषय तिथूनच ठरावाच्या रूपाने पुढे पाठवावा, कारण तिथे तो फाटे न फुटता मंजूर होतो. आपला विषय सभेच्या बऱ्याच आधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) लेखी द्यावा, पोच घ्यावी आणि तो विषयपत्रिकेत पहिल्या तिनांत यावा असा आग्रह धरावा. धर्माचे वाद जवळजवळ नेहमी “आयत्या वेळचे विषय” या शेवटच्या कलमात शिरतात. तोपर्यंत आपला ठराव सूचक आणि अनुमोदकाच्या नावासह इतिवृत्तात लिहून, वाचून आणि सह्या होऊन गेलेला असावा. शक्य असेल तर सूचक एका समाजाचा आणि अनुमोदक दुसऱ्या समाजाचा असावा.

उमेदवाराला काय विचारावे

प्रचारासाठी दारात आलेल्या माणसाशी वाद घालू नये. पाणी द्यावे, बसवावे आणि एकच कागद पुढे करावा. त्यावर गावाचे तीन मोजलेले प्रश्न असावेत आणि प्रत्येकासमोर “किती दिवसांत”, “कोणत्या निधीतून” आणि “सही” असे तीन रकाने असावेत. उमेदवार धर्माविषयी बोलू लागला तर शांतपणे ऐकून घ्यावे आणि म्हणावे, “दादा, ते सगळे ऐकले, आता या पहिल्या रकान्यात काय लिहू?” हा प्रश्न सर्व पक्षांच्या, सर्व धर्मांच्या उमेदवारांना त्याच शब्दांत विचारावा. एकाला सवलत दिली की आपल्या कागदाची किंमत संपते. मला स्वतःला हे सर्वांत अवघड गेले, कारण एक उमेदवार माझ्या नात्यातला होता.

विधानसभा-लोकसभेच्या उमेदवाराचे नमुना २६ मधील शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असते. त्यातील शिक्षण, मालमत्ता, कर्ज आणि प्रलंबित गुन्हे यांची माहिती एका पानावर मोठ्या अक्षरांत उतरवून घ्यावी आणि गुन्ह्यांच्या कलमांत भारतीय न्याय संहितेचे १९६ किंवा जुन्या दंडविधानाचे १५३-अ आहे का ते पाहावे. ही कलमे समाजांत वैर पसरवण्याविषयीची आहेत. गुन्हा दाखल होणे म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे, त्यामुळे तेवढ्यावरून निवाडा करू नये, पण प्रश्न जरूर विचारावा.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दोन इशारे दिले होते. जाती आणि पंथ या जुन्या शत्रूंच्या जोडीला परस्परविरोधी मतांचे पक्ष येणार आहेत आणि त्यांनी देशापेक्षा आपले मत मोठे मानले तर स्वातंत्र्य दुसऱ्यांदा धोक्यात येईल, हा एक. धर्मात भक्ती मुक्तीचा मार्ग असेल, पण राजकारणातली भक्ती अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते, हा दुसरा. हाती सहीचा कागद असलेला मतदार उमेदवाराकडे भक्त म्हणून पाहूच शकत नाही, आणि म्हणूनच मी या कागदावर इतका भर देतो.

बेलभंडारा आणि शपथा

मतदानाच्या आदल्या रात्रीचा एक प्रकार वेगळा सांगायला हवा. देवळात नेऊन बेलभंडारा उचलायला लावणे, नारळावर हात ठेवायला लावणे, कुराण किंवा गंगाजल हातात देऊन शपथ घ्यायला लावणे, हे खेड्यात अजूनही घडते, आणि साधी माणसे त्या शपथेला इतकी भितात की पैसे न घेताही मत बांधले जाते. देवाचा कोप होईल किंवा धर्मातून बहिष्कृत व्हाल अशी भीती घालून मत मिळवणे हे कलम १२३ (२) नुसार गैरवाजवी दबाव टाकणे आहे. जी माणसे अशा शपथेत अडकली असतील त्यांच्या श्रद्धेची टर उडवू नये. गावातल्या एखाद्या माळकरी आजोबांनी, मौलवींनी किंवा भंतेजींनी त्यांच्याशी बोलावे हे उत्तम. आमच्या गावातल्या एका वयोवृद्ध वारकऱ्याने बायकांना सांगितलेले शब्द मला आठवतात: “अगं, विठोबाला मतदार यादीत नाव नाही, तो तुझं मत कशाला मागेल?” मत गुप्त असते आणि ते कोणाला दिले हे सांगण्याची सक्ती कोणीही करू शकत नाही, हेही त्याच वेळी सांगावे.

मोबाईलवरील मजकूर

याविषयी थोडक्यात. गावाच्या व्हॉट्सॲप गटाच्या वर्णनातच लिहावे की गट गावाच्या कामांसाठी आहे आणि कोणत्याही धर्माविषयीचा पुढे पाठवलेला मजकूर काढला जाईल. गटप्रमुख दोन वेगळ्या समाजांचे असावेत. दंगलीचा किंवा विटंबनेचा म्हणून आलेला व्हिडिओ कोणत्या गावचा आणि कोणत्या तारखेचा आहे हे पाठवणाऱ्याला विचारावे. बहुतेकदा उत्तर येत नाही आणि तो मजकूर तिथेच थांबतो. मजकूर खरोखर भडकावणारा असेल तर तो पुढे न पाठवता पडद्याचे छायाचित्र, वेळ आणि मूळ क्रमांक जपून पोलीस ठाण्यात द्यावा.

तक्रार टिकेल अशी करावी

लोकसभा-विधानसभा निवडणुकीत आचारसंहिता लागल्यावर जातीय किंवा धार्मिक भावनांना आवाहन करता येत नाही आणि मंदिर, मशीद, चर्च किंवा अन्य प्रार्थनास्थळ प्रचाराचे व्यासपीठ होऊ शकत नाही. तसे घडताना दिसले तर निवडणूक आयोगाच्या सी-व्हिजिल या ॲपवर जागेवरूनच छायाचित्र किंवा दोन मिनिटांपर्यंतचे चित्रीकरण पाठवावे. जुने चित्रीकरण त्यावर चढवता येत नाही, नाव न देताही तक्रार करता येते, आणि शंभर मिनिटांत कार्यवाही होणे अपेक्षित असते. चौकशीसाठी १९५० हा क्रमांक आहे. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद आणि नगरपालिकांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. तिथे कायदा आणि आचारसंहिता वेगळी असल्याने लेखी तक्रार निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे किंवा तहसीलदारांकडे देऊन पोच घ्यावी.

पुढे निवडणूक याचिकेपर्यंत जाण्याची वेळ येऊ शकते, म्हणून पुरावा सुरुवातीपासून नीट जपावा. भाषणाचे चित्रीकरण मध्येच तोडलेले नसावे, आधीची आणि नंतरची वाक्येही त्यात असावीत, कारण एकटे वाक्य संदर्भाबाहेर काढले असा बचाव लगेच होतो. व्यासपीठावर उमेदवार हजर होता का हे दिसले पाहिजे, कारण त्याची संमती सिद्ध करावी लागते. ज्या मोबाईलवर चित्रीकरण झाले तो विकू नये किंवा पुसून टाकू नये. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. विधानसभेच्या किंवा लोकसभेच्या निकालानंतर पंचेचाळीस दिवसांच्या आत त्या मतदारसंघातील कोणताही मतदार उच्च न्यायालयात याचिका दाखल करू शकतो. दिवस मोजताना चूक होऊ देऊ नये, कारण सेहेचाळिसाव्या दिवशी कितीही भक्कम पुरावा असला तरी दार बंद झालेले असते. आणि तक्रार आपल्या आवडत्या पक्षाच्या माणसाविरुद्धही करण्याची तयारी असेल तरच ती करावी.

निकालानंतरची सभा

मतदान झाले की बहुतेक जण कागद फडताळात ठेवून देतात. निकालानंतरच्या पहिल्याच ग्रामसभेत निवडून आलेल्याने सही केलेला कागद मोठ्याने वाचावा, त्याची प्रत इतिवृत्ताला जोडून घ्यावी आणि पहिली मुदत कोणत्या तारखेला संपते ते फळ्यावर लिहावे. हरलेल्या उमेदवाराच्या समर्थकांनाही या कामात घ्यावे. प्रचारात ज्यांनी परस्परांच्या धर्मावर बोट ठेवले, ते वही तपासताना एकाच बाकावर बसलेले मी पाहिले आहेत.

आमच्या वस्तीतील पाण्याची आता तिसरी वही चालू आहे. पहिली भरणारी मुलगी शिकायला तालुक्याला गेली, आता तिच्या शेजारच्या घरातला मुलगा रकाने भरतो. टाकीची दुरुस्ती झाली, पाणी आठ दिवसांऐवजी तीन दिवसांआड येते, पण टोकाच्या घरात पाणी आले त्या दिवशीही बादल्या अजून चौदाच्या वर जात नाहीत. जलवाहिनीचा शेवटचा टप्पा अरुंद व्यासाचा टाकला आहे असा आमचा कयास आहे, मोजमाप पुस्तिकेच्या प्रतीसाठी अर्ज दिला आहे, आणि २६ जानेवारीच्या सभेसाठी तो विषय पहिल्या क्रमांकावर लिहून दिलेला आहे.